नवीन नोंदणी : शिट्टी

काचेच्या कारखान्यात तीस वर्षं टेलिफोन जोडून देणाऱ्या बाईंना सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. कारखाना बंद पडला, माणसं पांगली, तेव्हा भाच्याच्या मागे हात धुऊन लागून त्यांनी जुन्या कामगारांसाठी एक चॅट सर्व्हर सुरू करवून घेतला. कुणी नवीन नाव नोंदवलं की बाईंच्या फोनवर सूचना वाजे. त्यांनी होकार दिल्याशिवाय कुणालाही आत शिरता येत नसे. "फाटकावर मी बसलेय," त्या ऐटीत सांगत.

एका दुपारी मटार सोलताना सूचना वाजली. नवीन नोंदणी : शिट्टी. कारण : सगळे इथं आहेत असं कळलं.

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. शिट्टी म्हणजे भट्टीवरचा फोरमन. शिट्टी वाजवत कामावर यायचा, म्हणून ते नाव. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. बाई अंत्ययात्रेला गेल्या होत्या.

"मेल्यांनो, थट्टेलाही काही सुमार!" म्हणत त्यांनी नकार दाबला.

पाच मिनिटांत पुन्हा तेच नाव. कारण : बाई, मीच आहे. तीनशे बारा जोडून द्या.

बाईंनी मटार बाजूला सारले. तीनशे बारा म्हणजे पॅकिंग खातं. तिथं फोरमनची बायको कामाला होती. रोज साडेबाराला तो नंबर मागायचा, आणि बाई जोडून द्यायच्या. हे तिघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी लगेच तिला फोन लावला. "वहिनी, भाऊंचा फोन कुणाकडे आहे हो?"

"कपाटात. केव्हाचा बंद पडलाय. का?"

बाईंनी चाचरत सगळं सांगितलं.

"मग द्या ना जोडून," वहिनी हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी वहिनींचीही नोंदणी आली. बाईंनी डोळे मिटून दोन्ही नावांना होकार दिला.

तेव्हापासून रोज साडेबाराला दोन्ही नावांपुढे हिरवा ठिपका लागतो आणि एक वाजता दोन्ही विझतात. ते काय लिहितात, हे प्रशासक म्हणून बाईंना वाचता आलं असतं. पण चोरून ऐकायची त्यांना सवयच नव्हती. एकदा मात्र राहवलं नाही.

"वहिनी, बोलतात का हो काही?"

"छे! मीच बोलते. ते ऐकतात. आधी तरी कुठं वेगळं होतं?" वहिनी चक्क हसल्या.

आता नवीन नोंदणीची सूचना वाजली की बाई आधी खुर्चीत नीट बसतात, आणि मगच या खेपेला कुणाचं नाव आलंय ते वाचायला फोन हातात घेतात.