राडिक्सपासून पुढे

जेवण झालं आहे, कोळंबीच्या आंबटीचा वास अजून घरात रेंगाळतो आहे. सेलीन टेबलावर दुमडलेल्या हातावर डोकं टेकते. झोपायचं नाही, डोळे नुसते मिटायचे, असं ती स्वतःला बजावते. समोर इनासमामाचं पुस्तक उघडं आहे. सोळाव्या शतकात व्हेनिसला छापलेलं, वनौषधींवरचं, लॅटिनमधलं. संध्याकाळी गोव्याचे ग्रंथपाल ते न्यायला येणार आहेत. मामाची तशी इच्छा होती, पण त्याची एक अटही होती, तपासून झाल्याशिवाय पुस्तक दाराबाहेर जायचं नाही.

आणि तपासणी अर्ध्यावर राहिली आहे. पावसाळ्याआधी एका संध्याकाळी मामा म्हणाला, "बास, बाय, उरलेलं उद्या," आणि त्या रात्री झोपेतच गेला.

या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. मामा त्याला हाक म्हणायचा. एकाने तळाची हाक द्यायची, दुसऱ्याने ती न बघता पान उलटून वरचा शब्द वाचायचा, म्हणजे ओ द्यायची. शब्द जुळला तर पान जागेवर, नाही जुळला तर मधलं पान गेलं. याला माणसं दोन लागतातच. मामा म्हणायचा, "एकटा माणूस स्वतःच्या हाकेला स्वतःच ओ देतो, बाय. डोळ्याला जे हवं तेच दिसतं." रसायनशास्त्र शिकलेल्या सेलीनला हे पहिल्या दिवशीच पटलं होतं. म्हणून तर तिने इतके महिने ते एकटीने केलं नाही. दुसऱ्या कुणाला बोलावलंही नाही.

"झोपलीस?"

मामा समोरच्या खुर्चीत बसला आहे. बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर. पान उडू नये म्हणून त्याने नेहमीसारखी जपमाळ पुस्तकावर आडवी टाकली आहे. धातूचा क्रूस कागदाला लागू नये म्हणून टेबलाच्या कडेवरून खाली सोडला आहे. ही शिस्त सेलीनचीच.

"ही तर तुझ्या हातात गुंडाळली होती," ती म्हणते. "तुझ्याबरोबर पुरली."

"आणली परत. पान उडतं ना."

तीच माळ. फुटलेल्या मण्याच्या जागी ओवलेली बोराची आठळी तशीच आहे, दोन्हीकडे टोकदार. ती बोट लावून बघते. आठळी ओली आहे, कारण ते केळीच्या वाडीत बसले आहेत. पुस्तक पाटाच्या काठावर आहे आणि खालून पाणी वाहतं आहे.

"मामा, इथे किती दमट आहे! कागदाला बुरशी धरेल."

"मेलेल्या माणसाला बुरशीची भीती घालतेस?" तो हसतो. तेच हसणं, आधी खांदे हलतात, मग आवाज येतो. "चल. कुठे होतो आपण?"

कुठे होतो ते तिला पाठ आहे. तो चष्मा नाकावर ओढतो, पानाच्या तळाशी वाकतो आणि हाक देतो, "राडिक्स."

ती पान उलटते. डाव्या कोपऱ्यात वर स्पष्ट छापलेलं आहे, राडिक्स. मूळ. ती गप्प बसते.

"राडिक्स," मामा पुन्हा म्हणतो.

आता ते देवळात आहेत, शेवटच्या बाकावर. पुढे कुणी नाही, फक्त मेणबत्त्यांचा उबट वास आहे. इथे त्याची हाक घुमते.

"तिकडे पुस्तकं मिळतात का रे, मामा?"

"विषय बदलू नको."

"सांग तरी. एखादा मठ मोडला, कुणाचं कपाट रिकामं झालं, की तिथेही पिशवी घेऊन पोचतोस का?"

"सेलीन." नावाने तो तिला क्वचितच बोलवायचा. "शब्द दिसतोय ना?"

"दिसतोय."

"मग?"

ती माळेवर हात ठेवते. "ओ दिली की तू पुढची हाक देशील. मग त्याच्या पुढची. मग पुस्तक संपेल."

मामा चष्मा कपाळावर सारतो. "संपवल्याशिवाय पुरं आहे की नाही, कळायचं कसं?"

"नसलं पुरं तर?"

"तर तसं सांगायचं. अपुऱ्या पुस्तकालाही कपाटात जागा असते, बाय. चार पानं गेलेली किती आणली मी, तुझी आई ओरडायची. न तपासलेलं मात्र मी कधी कुणाला दिलं नाही."

"आणि तू?"

"माझं तपासून झालं." त्याचे खांदे हलतात, आवाज मात्र येत नाही. "असलेल्या पानाला गेलेलं म्हणू नको. तेवढं करू नको."

अक्षरं समोर आहेत, आणि दिसतं ते नाही म्हणायला तिला कुणी शिकवलेलं नाही.

"राडिक्स," ती म्हणते.

"बरोबर."

या एका शब्दासाठी ती इतके महिने थांबली होती.

मग पानं उलटत जातात. फोलिया. फोलिया. बरोबर. आक्वा. आक्वा. ते मिठागरात आहेत, पांढऱ्या चौकटींच्या मधल्या बांधावर. प्रत्येक हाकेगणिक मामा एक बांध पुढे जातो. ती पुस्तक छातीशी धरून, उभ्याउभ्या ओ देते. आवाज बारीक होत जातो तरी प्रत्येक शब्द नीट ऐकू येतो, आणि प्रत्येक शब्द जुळतो.

शेवटचं पान. तिची नजर तळाशी जाते. उजवा कोपरा कोरा आहे. तिथे हाक नसते, हे तिला आधीपासून माहीत आहे.

"मामा, हाक दे ना."

तो लांबवर, मिठाच्या उजेडात उभा आहे. तोंड मिटलेलं.

पंख्याचा आवाज. चार वाजले असावेत. पुस्तक राडिक्सच्याच पानावर उघडं आहे, एक पानही हललेलं नाही. स्वप्नातली तपासणी धरता येत नाही, हे तिला कळतं. तरी ती काही वेळ तशीच पडून राहते.

मग उठते, आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणते, "आई, जरा बसतेस? वाचायचंय."

"मला कुठे येतं लॅटिन?"

"अर्थ नको. अक्षरं वाच."

आई पदराला हात पुसत येते. "आणि हातावर काय उठलंय गं?"

सेलीन हात उजेडात धरते. मनगटापासून कोपरापर्यंत गोल, लालसर वळांची रांग. टेबलावर पुस्तकाशिवाय काहीच नाही. रांगेच्या मध्ये एक वळ गोल नाही. लांबट आहे, दोन्हीकडे टोकदार.

आई त्या एका वळावर बोट ठेवते. आपल्या भावाच्या हातात माळ तिनेच गुंडाळली होती. ती खुर्ची ओढून बसते, पान उलटते आणि वरच्या कोपऱ्यावर बोट टेकवते.

"दे हाक," ती म्हणते.