येळवशीला एकटाच घरी थांबलो, त्याची गोष्ट

परवा येळवस झाली. बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो... येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या धाराशिवकडं त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. रस्त्यानं कुणी अनोळखी चाललं, तरी हाक मारून त्याला पंगतीला बसवायचं, अशी रीत.

यंदा मी घरीच थांबलो. बायकोला, पोरांना ट्रॅक्टरमधून पाठवून दिलं. अशक्तपणा वाटतोय म्हणालो... थाप!

खरं कारण जेवण. जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट एकदम क्लिअर. पण खाताना ओठाच्या कोपऱ्यातून अन्न गळतं आणि मला कळतही नाही. घरचे बिचारे लगेच नजर दुसरीकडं वळवतात. त्याचाच जास्त त्रास होतो राव... म्हणून मी खोलीचं दार लावून एकटा जेवतो.

बोलणंही लोकांना नीट कळत नाही. जन्मभर कंडक्टरकी केली, अख्खी गाडी माझ्या आवाजानं दणाणायची. आता फोन आला की दुसऱ्याच्या हातात देतो. म्हणून तर इथं एवढं लांबलचक लिहितो... सोसा.

तर गाव रिकामं. आज निवांत जेवू म्हटलं, तर घास उतरेना. गल्लीत चिटपाखरू नाही. इतकं एकटं ऑपरेशनला आत नेतानाही वाटलं नव्हतं. रडलो, खरं सांगतो... मग तोंडाभोवती मफलर गुंडाळला आणि नळदुर्गच्या रस्त्यानं उगाच चालत सुटलो.

गावाबाहेर एका शेतातून हाक आली, "ओ पाव्हणं! या की जेवायला!" म्हातारे बाबा होते, ओळखीचे नव्हते. मी हात जोडले, मान हलवली. ते कसले ऐकतात! बांधावर येऊन दंडच धरला. "आज न्हाय म्हनायचं नसतंय."

समजावून सांगायला गेलो, तर त्यांना शब्द कळेना. शेवटी वैतागून मफलर खाली ओढला. बघा म्हटलं एकदाचं!

त्यांनी पाहिलं. चांगलं जवळून पाहिलं. "दुखतंय का अजून?" मी मानेनंच नाही म्हणालो. "मंग भाकरी नगं. आंबील घ्या."

ज्वारीच्या पिठाची, ताकातली गार आंबील. तांब्याभर दिली. अर्धी पोटात, अर्धी शर्टावर... ते समोर बसून बघत होते. संपली तसा तांब्या परत भरला.

तिथून तसाच आमच्या शेतात गेलो. बायकोनं शर्टाकडं पाहिलं, कुणाकडं जेवलात म्हणून विचारलं. सांगितलं. वाटलं, खूश होईल... ती भडकलीच! "परक्याफुडं बसून जेवता, आन् माझ्याफुडं लाज वाटती व्हय? वरीस झालं, मी चुलीपाशी एकटी जेवते. दिसतंय का तुमाला?"

नव्हतं दिसलं. मी आत गेल्यावर ती कुणाबरोबर जेवते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती अजून जेवली नव्हती. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीशेजारी, त्या खोपटापाशी, दोघं बसलो. भज्जी, म्हणजे येळवशीची मिसळभाजी, कुस्करून खाल्ली... गळली. तिनं नजर वळवली नाही. "अजून वाढू का?" एवढंच म्हणाली.

त्या बाबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाबा, लई उपकार झाले... आज सकाळी आम्ही दोघांनी समोरासमोर बसून न्याहारी केली. मी खात होतो, ती बघत होती.