परत आलेले खोके

मुरबाडच्या एमआयडीसीत मोबाइल बनवणाऱ्या एका कंपनीत मी कामाला होते. आमच्या शेणव्याहून किन्हवलीमार्गे कंपनीची बस न्यायची. माझं टेबल शेवटचं. फोन सुरू करायचा, रिंग वाजवायची, कॅमेरा, चार्जिंग बघायचं, मग पुसून खोक्यात ठेवून वर सील लावायचं. ते सील थेट गिऱ्हाईकच उघडणार, याचा मला भारी तोरा होता.

माझ्यापेक्षा जास्त तोरा बाबांना. ते भातशेती करतात. आमच्या आळीत कुणी कधी शेअर घेतला नव्हता. पण माझी कंपनी शेअर बाजारात आहे हे कळल्यावर त्यांनी चुलतभावाकडून मोबाइलवर खातं उघडून घेतलं आणि थोडे शेअर घेतले.

"पोरगी तिथं राबते, मंग कंपनी थोडी आपली पन नको?" ते म्हणाले.

पुढे आमचे फोन खपेनात. त्याच किमतीत दुसऱ्या कंपन्यांचे जास्त चांगल्या कॅमेऱ्याचे फोन आले होते. आधी ओव्हरटाइम गेला, मग दुसरी शिफ्ट बंद झाली. शेअर पडत चालला. बाबा संध्याकाळी पडवीत बसून मोबाइलवरचा लाल आकडा बघायचे आणि मी आले की फोन खिशात टाकायचे.

एका सकाळी कंपनीत टेम्पो लागले. आत आमचेच फोन होते. दुकानदारांनी न विकलेला माल परत पाठवला होता. खोके टेबलावर आले तेव्हा मी वरचं सील बघितलं. तसंच होतं. मी लावलेलं, कुणीही न उघडलेलं. फोन बिघडून परत आला असता तर एवढं लागलं नसतं. याला तर कुणी सुरूही करून बघितलं नव्हतं.

सुपरवायझर म्हणाले, "प्रत्येक पेटीतले दोन-तीन चेक करा, बाकीच्यांना नुसतं नव्या किमतीचं स्टिकर लावा. स्वस्तात काढायचेत."

शेजारच्या टेबलावर टोकावड्याची माझी मैत्रीण होती. ती मला हळूच म्हणाली, "आपन सगळेच बघू गो. कुनी स्वस्तात घेतला म्हनून बंद पडलेला फोन नको जायला."

आम्ही सगळे बघितले. बऱ्याच फोनची बॅटरी उतरली होती. ते चार्जिंगला लावले, तसे एकामागून एक स्क्रीन उजळत गेले. बाकीच्या बायकाही आमचं बघून तसंच करू लागल्या. सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेले, पण थांबवलं नाही. आमच्या लाइनचा एकही फोन खराब निघाला नाही.

घरी येऊन मी हे सगळं बाबांना सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, आता तरी शेअर विका. आनखी पडंल."

"फोन खराब निघाले काय?"

"नाय."

"येक बी नाय?"

"येक बी नाय."

"मंग मी कशाला इकू?"

मला राग आला आणि हसूही आलं. बाजार असा चालत नाही, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ते समजवावंसंही वाटलं नाही.

काही महिन्यांनी कारखाना बंद झाला. शेअर मातीमोल झाला. बाबांनी तो ठेवलाच आहे. कुणी टोचून बोललं, की "पोरीचं काम बगून घेतला व्हता" एवढंच म्हणतात.

मी विजेच्या मीटरचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. साहेबांनी विचारलं, "तुमची ती फोनची कंपनी बुडाली ना?"

"हो. फोन खपले नाहीत," मी म्हटलं. "पण शेवटची तपासणी मी करायचे. आमच्या हातून खराब फोन बाहेर गेला नाही."

माझा आवाज जरा चढलाच होता. साहेब हसले. "सोमवारपासून या."

"आम्ही दोघी आहोत," मी म्हणाले. "दुसरी टोकावड्याची आहे. तिचं काम माझ्याइतकंच पक्कं."

तिलाही घेऊन या, असं ते म्हणाले.

मैत्रिणीला फोन करून सांगितलं, तर तीच माझ्यावर उखडली. "मला न इचारता माझं नक्की कसं केलंस गो?"

सोमवारी ती माझ्याआधी गेटवर उभी होती, नव्या ओढणीत.