चार माणसांची कोंबडी

दाखला लिहून दिल्हा ऐसा जे, दादामियाँ वलद कासममियाँ, राहणार पेठ भवानी, कसबे पुणे. उमर अजमासे साठ. रंग सावळा, बांधा ठेंगणा, डावे भुवईवर भाजल्याचा वण, दाढी मेंदीची. पेशा बावर्ची. पायदळाचे पलटणीकडे तीस वर्षे चाकरी. एके वेळी पाचशे माणसांस जेवू घालण्याची ताकद राखतो. ऊन, पाऊस व गोळागोळी यांस न जुमानता पंगत वेळेवर बसवितो. याचे पंक्तीतून आजतागायत कोणी माणूस उपाशी उठला नाही. कामाचा माणूस जाणोन दाखला दिल्हा असे. शके सतराशे सतरा, माहे फाल्गुन.

हा कागद पलटणीचा कारकून यज्ञेश्वरपंत याच्या हातचा. दादामियाँ तो मलमलीच्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवत आणि महिन्यातून चारदा, लिहिता-वाचता येणारा जो कोणी दारावरून जाईल त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेत. त्यांच्या बायकोला, नूरबानूला, अक्षर येत नव्हतं, पण दाखला पाठ होता. 'गोळागोळी' या शब्दाला ती हमखास आत निघून जाई.

तिची तक्रार कागदाच्या खरेपणाबद्दल नव्हती. पाचशे माणसं जेवली असतील, नाही कोण म्हणतं. पण चाकरी सोडून नवरा घरी आल्याला महिना झाला होता आणि अजून त्याला घरातलं मिठाचं मडकं कुठे असतं ते ठाऊक नव्हतं. पाचशेच्या खाली त्यांचा हात वळत नसे.

त्या चैत्रात गादीवर कोण बसणार हे पुण्यात कोणालाच धड सांगता येत नव्हतं आणि जो तो तेच सांगत होता. दादामियाँच्या घरात मात्र एकच विषय होता, कमरजहांच्या पोटात आज काय राहिलं. एकुलती एक लेक, चौथा महिना, माहेरी आलेली. नऊ दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही ठरत नव्हतं. नूरबानूनं पेज केली, मुगाची खिचडी केली, शेवया केल्या, डाळिंबाचे दाणे एकेक करून भरवले. सगळं आलं तसं परत गेलं. फोडणीचा वास आला की उलटी. तिचा नवरा नासिर अत्तराचा धंदा करणारा. त्याच्या अंगाचा वास तिला सोसेना, म्हणून तो रोज दोनदा आंघोळ करून यायचा आणि तरीही अंगणाच्या पायरीवरूनच चौकशी करून परत जायचा.

सुईणीनं नाडी पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, "आणखी तीन-चार दिवस असंच चाललं तर मूल राहायचं नाही. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून मला बोलू नका."

दहाव्या दिवशी सकाळी भिंतीकडे तोंड करून पडलेली कमरजहां म्हणाली, "अम्मा, अब्बांची ती गुंडाळी खाईन."

नूरबानूच्या हातातला तांब्या हातातच राहिला. नऊ दिवसांत पोरीनं पहिल्यांदा खाण्याच्या वस्तूचं नाव घेतलं होतं.

गुंडाळीची हकीकत अशी. पलटणीच्या तोफखान्यात इस्तावरू नावाचा एक लोहार होता. मुलूख रूमच्या तुर्की बादशहाच्या ताब्यातला, पण मुसलमान म्हटलं तर हसायचा आणि फिरंगी म्हटलं तर घण उचलायचा. आपण यूनानी, एवढंच सांगायचा. तो कोंबडीचे तुकडे लिंबू, लसूण आणि तेलात मुरवून बंदुकीच्या गजावर ओवायचा, निखाऱ्यावर भाजायचा आणि जाड मऊ रोटीत गुंडाळायचा. वरून टांगलेलं दही, त्यात किसलेली काकडी आणि आणखी लसूण. त्याच्या भाषेतलं नाव पलटणीत कोणाला उच्चारता आलं नाही. सगळे गुंडाळी म्हणत. इस्तावरू खर्ड्याच्या वाटेवर तापानं गेला, गुंडाळी दादामियाँकडे राहिली. मोहिमेवरून आले की ते लेकीला तिचं वर्णन सांगत. बाहेरून गरम, आतून गार, असं. करून मात्र कधी घातली नव्हती.

"एवढंच ना?" दादामियाँ म्हणाले. "सोपं आहे. दोन घटकांचं काम. तू कशाला हात लावू नकोस."

नवऱ्यानं 'सोपं आहे' म्हटलं की पदर खोचायचा, हे नूरबानू फार पूर्वी शिकली होती. तिनं पदर खोचला.

दादामियाँ शनिवारवाड्यापुढच्या बाजारात गेले. तिथं वाघोलीचा गेनबा कोंबड्यांची डालगी मांडून बसला होता. मुक्काम पुण्यात असला की पलटणीला कोंबड्या पुरवणारा तोच. दादामियाँनी त्याला घर सांगितलं आणि म्हणाले, "घरी पोचव. नेहमीप्रमाणे." मग ते ओव्याची पानं शोधायला निघून गेले, कारण इस्तावरूच्या मुलखातली कसलीशी रानपानं इथं मिळत नव्हती आणि ओव्यावर भागवायचं होतं.

दुपार व्हायच्या सुमारास दारात दोन गाढवं उभी राहिली. गाढवांवर डालगी होती आणि डालग्यांत कलकलाट.

"मामी, शंभर न्हाई जमल्या," गेनबा घाम पुसत म्हणाला. "चाळीस हायत. ऱ्हायलेल्या उद्याच्याला आन्तो."

"कसल्या शंभर?"

"मियाँसाब म्हनले न्हेमीपरमानं. न्हेमी शंभरच असत्यात. पाच गड्यांमागं एक."

एवढ्यात ओव्याची जुडी घेऊन दादामियाँ आले. डालग्यांकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि ते नूरबानूला दिसलं, हेच वाईट झालं.

"अहो, घरात माणसं किती?"

"कुठल्या घरात?"

"या. ज्यात उभे आहात त्यात."

दादामियाँनी बोटं मोजली. "तू, मी, पोर. संध्याकाळी नासिर. चार."

"आणि कोंबड्या?"

"म्हणजे हिशेब पाचांमागे एक असतो," ते सावकाश म्हणाले. "तसं पाहिलं तर एकसुद्धा थोडी जास्तच होते."

"एक ठेव," नूरबानू गेनबाला म्हणाली. "बाकीच्या घेऊन जा."

"एक? एकीपायी दोन गाढवं हाकीत आनली व्हय म्या?"

"गाढवं मी मोजली नव्हती. मोजली तर आज तीन भरतील."

गेनबा वाघोलीच्या वाटेला लागला तो पेठेचं टोक येईपर्यंत बोलत होता. मागे अंगणभर पिसं राहिली. आणि एक कोंबडी, तीही गेनबानं रागानं निवडलेली. लहान होती.

मग दही टांगायचं होतं. दादामियाँनी दोन हात लांब स्वच्छ कापड मागितलं. दह्याचं लष्करी माप तेच होतं. नूरबानूनं कोनाड्यातला दाखला काढला, कागद फळीवर ठेवला आणि मलमलीच्या फडक्यात दही बांधून खुंटीला अडकवलं. पाणी ठिबकू लागलं तसे दादामियाँ दर थेंबाला कागदाकडे पाहत राहिले.

गजांचा प्रश्न त्यांनी परस्पर सोडवला. नूरबानू लोणी काळभोरच्या गव्हाची कणीक मळून वळली तर चरखा उघडाबोडका, आणि त्याच्या सूत काढायच्या लोखंडी चात्या, जादा ठेवलेल्यासुद्धा, चिंचेनं घासून उन्हात मांडलेल्या.

"या कोणाच्या?"

"परत देणार आहे."

"त्यावर मी सूत काढते!"

"कोंबडीनंतरही निघेल," दादामियाँ म्हणाले. "चरबीनं उलट गुळगुळीत होतील."

दुपारी लिंबू, लसूण, करडईचं तेल, मिरपूड आणि ओव्याची पानं यांत कोंबडी मुरत पडली. दह्यात काकडी पडली. दादामियाँनी पळी भरली आणि नूरबानूपुढे धरली.

"चाख."

"तुम्हाला जीभ नाही?"

"बावर्चीनं चाखायचं नसतं. चाखणारा वेगळा असतो. तो सांगेल तसं मीठ पडतं."

"कोणी सांगितलं?"

"लष्कराचा कायदा आहे."

नूरबानूनं अंगणावर नजर फिरवली. पिसं, दोन मडकी, एक मांजर. "लष्कर कुठे दिसत नाही."

"तीस वर्षं मी चाखलेलं नाही."

"म्हणजे ती गुंडाळी कशी लागते, हे तुम्हाला माहीत नाही?"

दादामियाँनी पळी दुसऱ्या हातात घेतली. "इस्तावरू डोळे मिटून खायचा," ते म्हणाले. "त्यावरून मी समजायचो."

नूरबानू कपाळाला हात लावणार होती, पण हात कणकेचा होता. तिनं पळी ओढून घेतली. मीठ कमी. मग पुन्हा पळी. लसूण जास्त. मग काकडी कमी. तिनं सहा वेळा चाखलं आणि सहाही वेळा तिचं मत निराळं पडलं. दादामियाँ प्रत्येक मत आज्ञेसारखं पाळत होते.

ऊन कललं तशी त्यांनी अंगणात हातभर चर खणून निखारे पाडले. चात्यांवर तुकडे चढले. पहिला चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला, धूर उठला आणि सरळ घरात शिरला. आतून कमरजहांच्या ओकाऱ्यांचा आवाज आला.

"विझवा ते!" नूरबानू धावत बाहेर आली. "सकाळपासून सोपं, सोपं! पोरीनं नऊ दिवसांनी एक नाव घेतलं, त्याचाही वास तुम्ही सोसवेनासा केलात. आता ती हेही खायची नाही, मग करू काय मी? तुमचा कागद भरवू?"

दादामियाँनी चात्या उचलून बाजूला धरल्या, चिमूटभर राख घेतली आणि खांद्याएवढ्या उंचीवरून हळूच सोडली. राख घराकडे गेली.

"वारा पश्चिमेचा," ते म्हणाले. "चुकलंच माझं. वरिष्ठांच्या तंबूला धूर लागला तर बावर्चीला फटके पडतात."

मग साठ वर्षांच्या त्या माणसानं घमेल्यात निखारे भरले आणि ते घराच्या पूर्वेला गल्लीत नेऊन ओतले. तीन खेपा झाल्या. मध्येच थांबून पुन्हा राख सोडली, दोन पावलं सरकले, चार विटा लावल्या. या वेळी कोणाला हाक मारली नाही की हुकूम सोडला नाही. धूर उठला, वळला आणि इमानानं समोरच्या प्रेमलाबाईंच्या घरात गेला.

प्रेमलाबाई नाकाला पदर लावून उंबऱ्यात आल्या. "अहो दादामियाँ, मोहीम निघाली की काय?"

"नाही बाई. चौघांचं जेवण आहे."

"मग शंभराचं असेल तेव्हा आधी सांगा. मी गाव सोडून जाईन."

"प्रेमलाताई, पोरीसाठी आहे," नूरबानू आतून म्हणाली.

प्रेमलाबाईंनी पदर काढला. "मग असं आधी म्हणायचं. भाजा, भाजा," असं म्हणून त्यांनी आपल्या खिडक्या धडाधड लावून घेतल्या.

भाजताना दादामियाँनी तुकडा तोडून नूरबानूपुढे धरला. कच्चा. थोड्या वेळानं दुसरा. अजून हवा. तिसरा झाला होता, पण खात्रीसाठी चौथा. एका कोंबडीच्या, त्यात गेनबानं निवडलेल्या कोंबडीच्या, तुकड्यांना किती खात्री परवडते याचा विचार पलटणीत कोणाला करावा लागत नाही. रोट्या उतरल्या तेव्हा गुंडाळ्या बरोबर चार झाल्या.

नासिर आंघोळ करून आला होता आणि पायरीवर उभा होता. जावई दारात, त्यामुळे रीतीप्रमाणे पहिली गुंडाळी त्याच्या हातावर पडली. त्यानं ती नुसती धरून ठेवली. सगळे आत पाहत होते.

कमरजहां उठून बसली. एक घास तोडला. चावला. थांबली. नूरबानूनं सवयीनं उलटीची पितळी पुढे सरकवली. कमरजहांनं ती कोपरानं बाजूला केली आणि दुसरा घास घेतला.

ती गुंडाळी संपली. तिनं बोटं चाटली.

"अजून आहे?"

दुसरी दिली. तीही संपली. उरली एक. नूरबानूनं ती दादामियाँपुढे सरकवली.

"तुम्ही खा."

"तूच घे, सकाळपासून राबतेस."

"माझं पोट चाखूनच भरलंय. खा म्हणते ना!"

"बावर्चीनं आधी…"

"पुन्हा लष्कर काढलंत तर बघा."

असं चाललं असताना कमरजहांनं मधून हात घातला आणि तिसरीही खायला घेतली. पायरीवर नासिरनं आता कुठे आपला पहिला घास घेतला.

मग सगळे बसून राहिले. दिवेलागण झाली. अजान झाली. नूरबानू पितळी मांडीवर घेऊन बसली होती, तिची गरज लागली नाही. कमरजहां भिंतीकडे पाठ करून, या कुशीवर, झोपून गेली. तिच्या श्वासाला लसणाचा वास येत होता.

"उद्या काय म्हणेल कोण जाणे," नूरबानू हळू आवाजात म्हणाली.

"हेच म्हणाली तर सोपं आहे," दादामियाँ म्हणाले. तिनं पाहिलं तसं पुढे म्हणाले, "दोन कोंबड्या घेऊ."

"आणि तुम्ही आज काय खाणार आहात?"

"सकाळी खाल्लंय."

"सकाळी तुम्ही गेनबाला शोधत होतात."

रोट्या संपल्या होत्या, दह्याचं भांडं पुसून घेतलेलं होतं, चूल विझली होती. पुन्हा फोडणी टाकली तर वासानं पोर उठेल म्हणून त्यांनी नूरबानूला हातानंच नको म्हटलं. मग खुंटीवरचं फडकं काढलं, धुतलं, पिळलं आणि वाळत घातलं. यज्ञेश्वरपंतांचा कागद रात्रभर फळीवर उघडाच होता. त्यात लिहिलं होतं की याचे पंक्तीतून आजतागायत कोणी माणूस उपाशी उठला नाही.

त्या संध्याकाळी पंक्तीला चार माणसं होती. दादामियाँ उपाशी उठले.