सुटा पडणारा र

अंबडला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. कॉम्प्युटरवर मी फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती, तीही लांब मुदतीची आवृत्ती. तिच्यात वर्षानुवर्षं फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, बाकीची पॅकेजं, म्हणजे आतले छोटे-छोटे प्रोग्रॅम, आहेत तशी जुनीच राहतात. मला तेच हवं होतं. एकदा मधलीच नवी आवृत्ती टाकून पाहिली, तर प्रिंटर कित्येक दिवस चालेना.

खोट एवढीच, की अक्षरं जोडणारं पॅकेजही जुनं होतं. ‘शेतकऱ्याचा’ असं टाइप केलं की पाय मोडलेला र एकीकडे आणि ‘या’ दुसरीकडे छापला जायचा. मी सिस्टीम बनवणाऱ्यांना ईमेल केला. सभ्य उत्तर आलं: दोष नव्या आवृत्तीत काढला आहे, तुमच्या आवृत्तीत ती दुरुस्ती येणार नाही, पुढच्या लांब मुदतीच्या आवृत्तीपर्यंत थांबावं.

मी थांबलो. गिऱ्हाईक विचारायचं, “हे असं काहून आलं?”

“पुढच्या वर्षी बराबर होईल.”

एका वकिलाला हेच सांगत होतो, तेव्हा जालन्यापलीकडच्या आमच्या गावाहून, टेंभुर्णीहून, थोरल्या भावाचा फोन आला. वडील गेले होते. मी वकिलाचा अर्ज छापून दिला, शटर ओढलं आणि जालन्याच्या एसटीत बसलो. रडू आलं नाही. चितेसमोरही आलं नाही.

तेराव्याची पत्रिका छापायला भाऊ माझ्यासोबत दुकानात आला. ‘सर्व सोयऱ्यांनी यावे’ असा मजकूर होता. पहिली प्रत त्यानं हातात घेतली.

“हे काय छापून राह्यला तू? र तुटलाय.”

“पुढच्या वर्षी बराबर होईल,” मी म्हणालो.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. “पुढच्या वर्षी कोन्तं तेरावं हाय आपलं?”

मी ‘सोयऱ्यांनी’ खोडून ‘पाहुण्यांनी’ टाइप केलं. ते नीट छापलं गेलं. प्रिंटर कुरकुरत राहिला, भाऊ कागद उचलत राहिला.

परतीच्या एसटीत भाऊ तोंडाला रुमाल लावून रडत होता. मी गठ्ठा मांडीवर धरून बसलो होतो. कंडक्टर आला, तेव्हा दोघांची तिकिटं मी काढली.

तेरावं व्यवस्थित पार पडलं, रडू मला तेव्हाही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी अंबडला आलो आणि दुकान उघडलं.