शिवेबाहेरची खोली

आमच्या जाऊबाई घराबाहेर पडल्या की सरळ अशा कधी गेल्याच नाहीत. पाणंदीच्या वळणावर आंब्यापाशी पोचलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "कडी लावलीस का गो?" मी हो म्हणायचे. त्या मान हलवायच्या, थोडं पुढे चालायच्या आणि मग मला तिथेच उभी करून माघारी जाऊन कडी चाचपून यायच्या. पोलादपूरला बाजाराला जायचं असो की शेजारच्या वाडीत बारशाला, आमचा पहिला मुक्काम आंब्याखाली ठरलेला. चोरण्यासारखं घरात होतं काय, तर नाचणीची कणगी आणि एक पोचे पडलेला हंडा.

मी महाडची, बाजारपेठेत वाढलेली. सातवी पास होऊन पोलादपूरच्या डोंगरातल्या या वाडीत धाकटी सून म्हणून आले. माझे यजमान शेती बघत आणि थोरले दीर मुंबईला गिरणीत होते. गावच्या गड्यांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात ते राहायचे. एकाची पाळी संपली की दुसऱ्याने उठून त्याला वळकटीची जागा द्यायची. घरी येणं फक्त गणपतीला आणि शिमग्याला. बाकी सगळं वर्ष जाऊबाई काळजी करत.

पहिल्या वर्षी मला या काळजीचा वैताग यायचा. मग एकदा मी माहेरी निघाले तेव्हा त्या मला एसटीत बसवायला पोलादपूरपर्यंत उतरल्या. नंतर कळलं, की गाडी सुटल्यावरही त्या दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून होत्या. मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, गाडी बिघडून माघारी आली असती तर तू एकटी काय केली असतीस. त्या दिवसापासून आंब्याखाली उभं राहायला मी कधी कुरकुरले नाही.

अशा बाईपुढे दिरांनी एका गणपतीत मुंबईतल्या खोलीचा विषय काढला. त्यांच्या गाळ्यासमोरच्या चाळीत एक म्हातारा खोली सोडून गावी जाणार होता. पागडी जबर होती. नदीकाठचं खाचर विकलं तरच जमण्यासारखं, आणि घरातलं सगळ्यात चांगलं भात त्याच खाचरात पिकायचं. दीर मान खाली घालून म्हणाले, "तू तिकडं ये. आपुन दोघं ऱ्हाऊ." आमच्या घरात नवऱ्याने बायकोला असं सगळ्यांदेखत म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. जाऊबाई आत गेल्या आणि कितीतरी वेळ रिकाम्या चुलीत फुंकर घालत बसल्या.

ते दिवसच वाईट होते. मुंबई कुणाला जाणार याचा वाद पेटला होता. हरताळ, लाठ्या, गोळीबार. गिरण्या आज चालू तर उद्या बंद. तरी पागड्या काही खाली येत नव्हत्या, उलट चढतच होत्या. आत्ता घेतली नाही तर पुढे हाती लागणार नाही, हे दिरांचं म्हणणं खरं होतं. पण खाचर विकायचं आणि उद्या मुंबईच आपली राहिली नाही तर काय, हे जाऊबाईंचं म्हणणं तरी खोटं कुठे होतं? वाण्याकडच्या पुड्यांचे कागद सरळ करून त्या माझ्याकडून वाचून घ्यायच्या. अहो, ही बातमी केव्हाची जुनी आहे, असं मी म्हटलं की म्हणत, "जुनी हाय, पन खोटी हाय काय?" एकदा भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, मुंबई दुसऱ्याच्या राज्यात गेली तर आपल्याच खोलीत शिरायला परवाना लागेल का? मी हसले. पण रात्री मलाही वाटलं, की लागला तर?

शेवटी त्यांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. आमच्या वाडीत लग्नापासून लावणीपर्यंत सगळं ग्रामदेवतेला विचारून होई. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी उजवी पडली. मला हायसं वाटलं. जाऊबाईंनी मात्र गुरवाला विचारलं, की देवाची सत्ता कुठवर? गुरव सरळ माणूस, म्हणाला, "शिवेपर्यंत." झालं. खोली शिवेबाहेर, म्हणजे हा कौल तिला लागूच नाही. देवाला मुंबई ठाऊक नाही, तर तो तिथल्या खोलीचं काय सांगणार?

उपाय त्यांनीच काढला. खोली देवाकडे येऊ शकत नसेल तर तिचा तुकडा येऊ दे. गावचा माणूस मुंबईला निघाला त्याच्याबरोबर निरोप गेला आणि शिमग्याला दीर आले ते रुमालात त्या खोलीच्या भिंतीचा गिलावा बांधून. दारामागचा, कुणाच्या नजरेत येणार नाही असा खरवडलेला, सुपारीएवढा तुकडा. गुरवाने तो देवापुढे ठेवला. पाकळी उजवी पडली. जाऊबाई म्हणाल्या, वारा आला असेल. परत लावला, परत उजवी. दिरांचा चेहरा उजळला. जाऊबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "गनपतीपर्यंत थांबू या. तवर मुंबईचं कायतरी कळंल."

गणपतीपर्यंत खोली दुसऱ्याने घेतली. दीर रागावले नाहीत, आता गाळ्याची सवय झालीय एवढंच म्हणाले. पुढे मुंबई आपल्याकडेच राहिली, परवाना कुणी मागितला नाही आणि तशी खोली घेण्याची ऐपत आमची पुन्हा झाली नाही. दीर दम्याने खंगून गावी परतले. जाऊबाईंना त्यांच्याबरोबर सलग राहायला मिळालं ते त्या आजारपणात. वर्ष पुरं व्हायच्या आत ते गेले. त्यांना अग्नी देऊन माणसं परतली तेव्हा जाऊबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या. तो गिलाव्याचा तुकडा त्यांनी देवांच्या मागे जपून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

काही वर्षांनी माझ्या यजमानांना मुंबईत काम मिळालं. लांब उपनगरात एक खोली मिळत होती आणि तिच्यासाठी तेच नदीकाठचं खाचर विकावं लागणार होतं. आता घाबरायची पाळी माझी होती. मी जाऊबाईंना म्हटलं, गुरवाला बोलावू या का?

"नको गो," त्या म्हणाल्या. "देवानं मला दरखेपेला हो सांगितलान. भ्याले मी. खाचर इका आनि तू जा."

आम्ही निघालो त्या दिवशी त्या आंब्यापर्यंत आल्या. तुम्हीही चला म्हणून मी परोपरीने सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. वळणावर आले आणि माझे पाय थांबले. घरात त्या राहणार होत्या, घर उघडंच होतं, तरी मी मागे वळून बघू लागले.

जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. "कडी मी बघते," त्या म्हणाल्या. "तू चाल."