तीन विमानतळ ओलांडून आलेला पट्टा

आत्याचा या जगात विश्वास फक्त फूटपट्टीवर. माणसं थापा मारतात, फूटपट्टी मारत नाही, हे तिचं तत्त्वज्ञान, आणि ते ऐकल्याशिवाय तिच्या खोलीतून आजवर कुणाची सुटका झालेली नाही. कृत्रिम पाय लावणाऱ्यांना कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागावर चढवायला बिनशिवणीचा लोकरी मोजा लागतो. तो जरा कमीजास्त झाला की कातडी सोलवटते. असे मोजे विणण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. लग्नं जमवणारे थकले, तरी ही मोजेच विणत बसली.

तिचं यंत्र परदेशी, म्हातारं आणि तिच्याइतकंच हट्टी. हाताने फिरवायचा दांडा आधीच्या मालकाने काढून टाकलेला, मोटर खालच्या लोखंडाला वेल्ड करून ठेवलेली. त्या मोटरीवरून यंत्रावर फिरणारा अरुंद रबरी पट्टा महिन्यापूर्वी तुटला. बाजार पालथा घातला. दुकानदारांनी तो तुकडा बोटांत धरून असा पाहिला, जणू आत्याने मेलेली पाल आणलीय.

एरवी तिने थांबूनही पाहिलं असतं. पण दादा थांबू शकत नव्हता. तिचा हा थोरला भाऊ बसवर कंडक्टर होता. अपघातात गुडघ्याखालचा पाय गेला, आणि आता डेपोत बसून करायचं काम देऊ केलं होतं. अट एकच, सोमवारी डॉक्टरसमोर स्वतःच्या पायांनी हजर व्हायचं. त्याच्या शेवटच्या मोज्याला भोक पडलं होतं आणि भोकाखाली कातडी लाल झाली होती.

तेव्हा दादाच्या मुलाने, म्हणजे बँकेत चिकटलेल्या भाच्याने, मोबाइलवर एक बाजार काढून दाखवला. आपल्याला हवी ती वस्तू लिहायची. तिकडून इकडे येणारा कुणी प्रवासी ती विकत घेतो आणि बॅगेत टाकून आणतो. आपले पैसे आणि त्याची अनामत मधल्यामध्ये अडकून राहतात. आपण 'मिळालं' दाबलं की सुटतात.

"याचं ऑफिस कुठाय?" आत्याने विचारलं.

"ऑफिस नाही."

"मग मालक कोण?"

"मालकच नाही, आत्या. तीच तर गंमत आहे."

"आणि भांडण झालं तर?"

"तीन अनोळखी माणसं पंच म्हणून चिठ्ठीने निघतात. कुठल्याही देशातली."

"म्हणजे विहिरीत तोंड घालून ओरडायचं, बाई गं, पट्टा टाक!"

पण ओरडली. तुटलेला पट्टा ओट्यावर सरळ पसरला, दोनदा मोजला, मिलिमीटरपर्यंत आकडा लिहिला आणि खाली भाच्याकडून टाकून घेतलं : 'एक मिलिमीटरही इकडेतिकडे चालणार नाही.'

शनिवारी दुपारी दारात एक नर्स उभी राहिली. परदेशातल्या इस्पितळातून सुट्टीवर घरी निघाली होती. खांद्यावर बॅग, हातात पट्टा, चेहऱ्यावर तीन विमानतळांचा शीण.

"काकू, पट्टा घ्या आणि बटण दाबा. साडेचारची बस आहे माझी. हा काय आहे ते विमानतळावर सांगून सांगून तोंडाला फेस आलाय."

"आधी चढवून बघते."

आत्याने पट्टा चढवला. तो दोन चाकांमध्ये आजाऱ्याच्या विजारीच्या नाडीसारखा लोंबला. मोटर फिरली, यंत्र ढिम्म.

"मी एक मिलिमीटर म्हटलं होतं!" आत्या कडाडली.

"मोजा!" नर्सही कमी नव्हती.

मोजला. तंतोतंत.

"जुना पट्टा किती वर्षं चालला, काकू?"

"बावीस."

"आणि माप त्याचंच घेतलंत? अहो, बावीस वर्षं ओढ खाल्लेलं, तुटताना आणखी लांबलेलं रबर ते! आमच्या इस्पितळातली व्यायामाची रबरी पट्टी महिन्यात लांबते."

भाचा खुदकन हसला आणि आत्याच्या नजरेने लगेच गंभीर झाला. मग हळूच म्हणाला, "दाबू नकोस. 'चुकीची वस्तू' असं टाक. पंच बघतील. पैसे परत मिळाले तर दुसरा मागवू."

"आणि हिची अनामत?"

"अडकेल. पण तिला काय..."

"तिला काय म्हणजे? चूक माझी आणि भुर्दंड हिला? आण तो फोन." तिने 'मिळालं'वर असं बोट दाबलं की काच फुटायची. फोनने विचारलं, नक्की? "विचारतोय बघ मेला! तुला काय चेष्टा वाटली?" तिने पुन्हा दाबलं.

नर्सने बॅग खांद्याला लावली, पण नजर खाटेवरच्या दादाच्या पायाकडे गेली. तिने वाकून पाहिलं. दादाने सोमवारची अट सांगितली.

"या मोज्यावर सोमवारी चाललात, तर मंगळवारी माझ्यासारखीच्याच हातात सापडाल."

"आता दुसरा कुठून आणू?" दादा म्हणाला.

नर्सने बाजूला पडलेलं दोऱ्याचं लाकडी रीळ उचललं आणि पट्ट्याच्या लोंबत्या भागावर टेकवून वर दाबलं. यंत्र कुरकुरलं आणि फिरलं. रीळ भाच्याने हातात घेतलं तर पहिल्याच फेऱ्यात टाके सुटले.

"बँकेत शिक्का मारतोस तसं नको दाबू!" आत्याने रीळ काढून घेतलं.

शेवटी नर्सच खाली बसली. अख्खा मोजा होईपर्यंत आत्या सुयांकडे बघत "जास्त, जास्त... आता कमी" असं ओरडत राहिली आणि नर्स "मी पेशंटचं एवढं ऐकत नाही" असं पुटपुटत राहिली. बस गेली. पुढची सहाची होती, तीही जवळजवळ गेलीच.

सोमवारी दुपारी दादा परतला, तेव्हा आत्या दारातच होती.

"काय म्हणाले डॉक्टर? नीट चाललास ना?"

"चालायला सांगितलंच नाही. वर मान न करता सही केली."

"म्हणजे? बघितलंच नाही त्याने?" आत्याचा पारा चढला. "एवढा उद्योग केला आम्ही, परक्या पोरीची बस घालवली, आणि त्या मेल्याला मान वर करायला काय झालं होतं?"

"अगं, नोकरी मिळाली!"

"ते कळलं रे! पण मोजा कसा बसला, ते कुणी सांगायचं?"

"तीन मजले चढून गेलो. लिफ्ट बंद होती. कुठेही टोचलं नाही."

"मग ते आधी सांगायचं ना, शहाण्या!" आत्या म्हणाली आणि त्याला बसायला खुर्ची ओढली.